घरातले जुने होम थिएटर : मोडीत काढण्याआधी



मराठवाड्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी २००९ साली, धाकट्या दिराच्या लग्नाच्या वर्षी, होम थिएटर घेतले. टीव्हीखाली ठेवायची चपटी पेटी, पाच लहान स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा मोठा वूफर. त्या वेळी डीव्हीडी लावली की सारी आळी सिनेमा पाहायला जमत असे. आता डीव्हीडी कोणी लावत नाही. पेटी चालू केली की आत भुंगा शिरल्यासारखी घूं घूं करते, एक स्पीकर मुका झाला आहे, आणि दोन वर्षांपूर्वी आणलेल्या नव्या टीव्हीला ती कशी जोडायची हे कोणालाच उमगत नाही. म्हणून ती बंद ठेवून नुसत्या टीव्हीच्या आवाजावर भागवतात. पण त्या आवाजात मामंजींना शब्द कळत नाहीत. रोज बातम्यांना आणि कीर्तनाला समोर बसणारे मामंजी आता जेवण झाले की सरळ ओट्यावर जाऊन बसतात. दिरांचे म्हणणे, जुने सगळे भंगारात द्या, वीस-पंचवीस हजारांचा साउंडबार आणू. बाईंच्या हाती दुधाच्या पैशातून साठवलेले सहा हजार आहेत आणि पुढे पेरणी आहे. काय करावे, असे त्या विचारतात.

हा प्रश्न एका घरचा नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी घेतलेली अशी होम थिएटरे गावोगावी टीव्हीखाली धूळ खात पडली आहेत. तेव्हा या खेपेस त्याविषयीच लिहितो.

आपल्याकडे म्हण आहे, आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. होम थिएटरच्या बाबतीत नेमके हेच होते. बिघडलेली असते पेटीतली एखादी वस्तू, आणि फेकून देतो आपण चांगले पाच स्पीकर. स्पीकर म्हणजे लोहचुंबक, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा. त्याला उंदराने कुरतडले नाही आणि पावसाचे पाणी लागले नाही, तर तो वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. म्हातारी होते ती पेटी, म्हणजे तिच्यातला ॲम्प्लिफायर. म्हणून आधी दुखणे कुठे आहे ते पाहावे. त्याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

घूं घूं आवाजापासून सुरुवात करू. टीव्हीकडून, सेट टॉप बॉक्सकडून पेटीत येणाऱ्या सगळ्या वायरी काढा. आवाजाचे बटण शून्यावर आणा आणि पेटी चालू करा. आता घूं घूं थांबली असेल तर पेटी निरोगी आहे. दोष बाहेरून येतो आहे. बहुतेक वेळा तो डिशच्या किंवा केबलच्या जाड वायरीतून, नाहीतर खराब झालेल्या लाल-पांढऱ्या पिनांतून येतो. पिनांची नवी वायर थोडक्या पैशांत मिळते. डिशची वायर क्षणभर काढून पाहिली आणि आवाज बंद झाला, तर घरातल्या अर्थिंगकडे वायरमनला लक्ष द्यायला सांगा.

सगळ्या वायरी काढूनही घूं घूं चालूच असेल, तर मात्र पेटीतले कपॅसिटर थकले आहेत असे बहुधा समजावे. कपॅसिटर हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. सिंगल फेजच्या मोटारीच्या पेटीतला कपॅसिटर फुगला की मोटार नुसती गुरगुरते आणि उठत नाही, हे आपण पाहतोच. होम थिएटरमधला कपॅसिटर दुसऱ्या जातीचा असतो आणि त्याचे काम वेगळे असते. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेत येते. ती एका दिशेची करताना सेकंदाला १०० धक्के तयार होतात. कपॅसिटर हा त्यापुढचा हौद आहे. पाइपातून पाणी धक्क्याधक्क्याने आले तरी हौद भरलेला असेल तर खालच्या दांडाला पाणी एकसारखे जाते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने या कपॅसिटरमधला ओलावा आटतो, हौद उथळ होतो आणि ते १०० धक्के थेट स्पीकरात जातात. तुम्हाला जो भुंगा ऐकू येतो तो हाच.

ही दुरुस्ती छोट्या गावातला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकही करू शकतो. माल स्वस्त असतो, पैसे मजुरीचे. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. नव्या कपॅसिटरवरचा व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून जास्त हवा, कमी नको. आणि त्याच्या अंगावर ८५ अंश छापलेला न घेता १०५ अंश छापलेला घ्यावा. तो उष्णता जास्त काळ सोसतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत टीव्हीच्या कपाटात काय तापते हे मी सांगायला नको. एक ताकीदही देतो. पेटी घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते आणि ती बोटाला झटका देते. लहान मुलांना तर जवळ येऊ देऊ नये.

आवाज कमी-जास्त करताना खरखर होत असेल तर ते फिरत्या बटणातल्या धुळीचे काम आहे. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा फवारा मिळतो. रॉकेल, खोबरेल किंवा गोडे तेल घालू नये. चार दिवस बरे वाटते आणि मग तेलावर धूळ बसून बटण कायमचे जाते.

मुका झालेला स्पीकर तपासण्याची युक्ती गोठ्यातल्यासारखीच आहे. बैल चालत नसेल तर जू बदलून पाहतो ना, तसे. उजव्या स्पीकरची वायर डावीकडे लावा आणि डाव्याची उजवीकडे. मुकेपणा स्पीकरबरोबर दुसरीकडे गेला तर स्पीकर किंवा त्याची वायर खराब. मुकेपणा पेटीच्या त्याच भोकापाशी राहिला तर पेटीची ती वाट बंद. याहून सोपी परीक्षा म्हणजे बॅटरीतला दीड व्होल्टचा सेल. स्पीकर पेटीपासून सोडवून त्याच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. खट्‌ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे.

वूफर फाटक्या ढोलासारखा वाजत असेल तर त्याची जाळी काढून कडेचे कडे पाहा. पडद्याभोवती स्पंजाचे किंवा रबराचे वळे असते. स्पंज आठ-दहा वर्षांत कुजून भुगा होतो, आणि उंदरांना तो का आवडतो कोण जाणे. हे वळे वेगळे मिळते व बदलता येते. मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालाची दुकाने आहेत. जिल्ह्याच्या गावी मंडपवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारा कारागीर असतोच. त्याला विचारले तरी काम होते.

डीव्हीडीचा भाग बिघडला असेल तर त्यावर एक पैसाही खर्चू नये. त्याचा आता उपयोग राहिलेला नाही आणि तो बंद पडल्याने बाकीच्या आवाजाला काही होत नाही.

नव्या टीव्हीला जुनी पेटी

पुष्कळ घरांत होम थिएटर बिघडलेलेच नसते. टीव्ही बदलला आणि वायर जुळेना, एवढ्यावर ते अडगळीत गेलेले असते. जुन्या पेटीला मागे लाल आणि पांढरे अशी दोन गोल भोके असतात, त्यावर ऑक्स किंवा ऑडिओ इन लिहिलेले असते. नव्या टीव्हीला आवाज बाहेर देणारी तशी भोके बहुधा नसतात.

टीव्हीच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचे बारीक भोक आहे का ते पाहा. असेल तर एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर मोबाइलच्या दुकानातही मिळते. एवढ्यावर काम झाले. हेडफोनचे भोक नसेल तर ऑप्टिकल लिहिलेली चौकोनी खाच असते. तिच्यातून विजेऐवजी तांबडा प्रकाश येतो. त्या प्रकाशाचा पुन्हा साधा आवाज करणारी काडेपेटीएवढी डबी मिळते, ती टीव्हीच्या यूएसबीवर चालते. ती लावल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा प्रकार पीसीएम असा निवडावा. हे केले नाही तर डबी मुकी राहते आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो.

तुम्ही फक्त सेट टॉप बॉक्सवरचेच कार्यक्रम पाहत असाल तर त्याहून सोपे आहे. त्या बॉक्सलाच लाल-पांढरी भोके असतील, तर तिथूनच थेट वायर पेटीत न्यावी. मात्र टीव्हीत इंटरनेटवरून लावलेल्या गोष्टींचा आवाज मग पेटीतून येणार नाही.

ब्लूटूथने जोडू, वायरच नको, असे पोरे म्हणतील. गाण्यांना ते ठीक. टीव्हीला जोडले तर पुष्कळदा ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वायरच बरी.

मामंजींचे कान

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. पत्रातल्या दिरांना मोठा आवाज हवा आहे. मामंजींना मोठा आवाज नको, स्पष्ट आवाज हवा आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत आणि पैसे खर्च करण्याआधी घरातल्या सर्वांनी हे नीट समजून घ्यावे.

वय झाले की ऐकू येणे सगळीकडून सारखे कमी होत नाही. आधी जातो तो उंच पट्टीचा, बारीक आवाज. बोलण्यातली स, श, फ, त, ट, क ही व्यंजने त्या पट्टीत असतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते शाबूत राहतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे म्हाताऱ्या माणसाला कळते, पण काय बोलते ते कळत नाही. कापसाचा भाव सात हजार सांगितला की आठ हजार, यातला फरक व्यंजनांचाच आहे आणि तोच निसटतो. मग घरचे लोक आवाज वाढवतात. त्याने धडधड वाढते, शब्द आणखी बुडतात, सुनेचे डोके दुखते आणि म्हातारा माणूस आपल्यामुळे घराला त्रास नको म्हणून उठून जातो. पुष्कळ घरांतले ओट्यावर बसणे असेच सुरू झालेले असते.

त्यात नवे चपटे टीव्ही. त्यांच्या पातळ अंगात स्पीकरला जागाच नसते. म्हणून तो खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. माणूस समोर बसलेला आणि बोलणारा भिंतीकडे तोंड करून बोलतो, असा हा प्रकार.

यावर पहिला उपाय फुकटचा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस, स्पीच, डायलॉग किंवा न्यूज असे काही असते, ते लावून पाहा. बास कमी करा, ट्रेबल थोडे वाढवा.

दुसरा उपाय तुमच्या जुन्या होम थिएटरमध्येच आहे. पाच स्पीकरांपैकी जो आडवा किंवा एकटा असतो, ज्यावर सेंटर लिहिलेले असते, त्याचे मुख्य काम बोलणे ऐकवणे हेच आहे. सिनेमातले संवाद बहुतेक त्याच्याच वाट्याला येतात. बाजूचे स्पीकर संगीताचे, मागचे दोन गडगडाटाचे. म्हणून सेंटर स्पीकर मेलेला असेल तर बाकी चार कितीही वाजोत, संवाद हरवतो. हा एक स्पीकर नीट चालत असला, तर त्याला लांब वायर जोडून मामंजींच्या बाजेजवळ, कानाच्या उंचीला, हातभर-दोन हात अंतरावर ठेवा. टीव्हीचा दोन वाटांचा आवाज पेटीत येतो, तेव्हा पेटीवरचे प्रो लॉजिक किंवा सराउंड हे बटण लावले की त्यातले बोलणे सेंटरकडे जाते. बाकीच्या स्पीकरांचा आवाज घराला सोसेल इतका ठेवायचा. खोलीच्या टोकाकडून येणारा मोठा आवाज आणि उशाशी असलेला बेताचा आवाज, यांत दुसरा केव्हाही जास्त कळतो.

लांब वायर घ्यायची तर बारीक घेऊ नये. विहिरीपासून मोटारीपर्यंत बारीक केबल टाकली तर वाटेतच जोर मरतो, तेच इथेही आहे. दहा-पंधरा मीटरांसाठी घरातल्या दिव्यांच्या फिटिंगला वापरतात तेवढ्या जाडीची दुपदरी तांब्याची वायर पुरते. लालला लाल, काळ्याला काळी हे सांभाळावे. एका बाजूची वायर उलटी लागली की दोन स्पीकर एकमेकांचा भरीव आवाज खाऊन टाकतात.

तिसरे, कान एकदा डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा नुसता मळ घट्ट झालेला असतो आणि तो काढल्यावर निम्मे काम होते. काडी, पिन, गरम तेल यांचे प्रयोग घरी नकोत. ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा, जिल्हा रुग्णालयात कानाचे डॉक्टर असतात.

खोलीचाही वाटा असतो. वर पत्रे, खाली फरशी, भिंती उघड्या, अशा खोलीत प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. टीव्हीसमोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी अंथरा. धान्याच्या पोत्यांची थप्पी खोलीत असेल तर उत्तमच, आवाज शोषून घ्यायला पोत्यांसारखे स्वस्त साधन नाही. वूफर कोपऱ्यात घुसवलेला असेल तर हातभर बाहेर ओढा. कोपरा धडधड वाढवतो आणि पत्रे कापू लागतात.

नवे घ्यायचेच झाले तर

पेटीची आयसी जळली, मेकॅनिकने हात टेकले, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून वर जातो आहे, असे झाले तर जुन्या पेटीचा नाद सोडावा. तरीही स्पीकर सोडू नयेत. दोन स्पीकर चालवणारा छोटा ॲम्प्लिफायर घेऊन समोरचे दोन स्पीकर त्याला जोडता येतात. मध्ये एक खाचखळगा आहे. स्पीकरच्या मागे ३, ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा असतो. ॲम्प्लिफायरवर ४ ते ८ ओहम लिहिले असेल आणि तुमचा स्पीकर ३ ओहमचा असेल, तर तो त्याला झेपत नाही. ओहम कमी म्हणजे वाट रुंद, वीज जास्त ओढली जाते आणि ॲम्प तापून बसतो. कंपनीचे रंगीत, वेगळ्या आकाराचे प्लग असतील तर ते कापून साधी वायर सोलून लावता येते. ज्यांचा ॲम्प्लिफायर लाकडी वूफरच्या आतच बसवलेला आहे, त्यांनीही हेच करावे. त्यांना वूफरला मात्र मुकावे लागेल.

साउंडबार वाईट वस्तू नाही. एकच पट्टी, कमी वायरी, बाईमाणसाला पुसायला सोपी. पण घेताना खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. पीएमपीओ म्हणून जो हजारोंचा आकडा छापतात तो सरळ सोडून द्यावा. जरा हिशोब करा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. खोक्यावर ५००० वॅट असेल तर ती झाली पावणेसात अश्वशक्ती. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला आपण तीन फेज आणि जाड केबल देतो, आणि हे यंत्र दोन पिनांच्या करंगळीहून बारीक वायरीवर तेवढे काम करणार काय? खरा आकडा आरएमएस नावाने असतो. त्याचाही पडताळा घ्यायचा तर यंत्राच्या मागच्या पट्टीवर ते किती वॅट वीज खाते ते वाचा. चाळीस वॅट खाणारी म्हैस सतत हजार वॅट दूध देणार नाही. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे दहापट लागतात. घरातल्या बैठकीला तीस-चाळीस खरे वॅट पुष्कळ झाले.

डॉल्बी या शब्दाचीही तीच गत. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीलाच डॉल्बी म्हणायची चाल पडली आहे. वास्तविक ते रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याचे आडनाव. १९६३ ते १९६५ या काळात हे गृहस्थ संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून आपल्या देशात होते आणि १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. तिचा पहिला शोध होता टेपमधली अनावश्यक खरखर घालवण्याचा. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचे नाव आपण गणपतीच्या मिरवणुकीत कशाला दिले आहे ते पाहा. असो. स्वस्त पट्टीवर डॉल्बी ॲटमॉस लिहिले म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. छतावरून आवाज उतरवण्याची ती तऱ्हा पत्र्याखाली काय उतरणार? रोजच्या मालिका आणि बातम्यांचा आवाज बहुतेक दोन वाटांचाच येतो.

एका गोष्टीसाठी मात्र चार पैसे जास्त द्यावेत. साउंडबारला आणि टीव्हीला, दोघांनाही, एचडीएमआय एआरसी लिहिलेली खाच हवी. ती जोडली की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीबरोबर पट्टी आपोआप चालू-बंद होते. ऑप्टिकलने जोडले तर बहुधा दोन रिमोट सांभाळावे लागतात, आणि वृद्ध माणसाच्या हातात दोन रिमोट म्हणजे दोन्ही बंद. पट्टीत संवाद स्पष्ट करणारे बटण आहे का ते पाहा आणि दुकानातच गाणे नव्हे, बातम्या लावून ऐका. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांनाच सोबत न्या. पक्के बिल घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या आणि सर्व्हिस सेंटर कोणत्या गावी आहे ते आधी विचारा. दोनशे किलोमीटरवरची वॉरंटी असून नसल्यासारखी.

आणखी एक, यंत्राच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेजचा आकडाही पाहावा. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले यंत्र संध्याकाळी गावात वीज मंदावली तरी चालते. नुसते २३० लिहिलेल्याला स्टॅबिलायझर लागेल, तो खर्च किमतीत धरा. आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की प्लगबरोबर डिशची वायरही काढून ठेवावी. यंत्रात वीज तिच्यातूनही शिरते.

पत्रलेखिका भगिनींना थेट सांगायचे तर, ताई, साउंडबार यंदा नको. आधी टीव्हीचे सेटिंग पाहा आणि वायर आणून पेटी जोडा. घूं घूं थांबत नसेल तर पेटी तालुक्याला नेऊन मेकॅनिककडून आधी खर्चाचा आकडा घ्या, दोन हजारांच्या आत होत असेल तर दुरुस्त करून घ्या. सेंटर स्पीकर मामंजींच्या बाजेशी जाऊ द्या. तुमच्या सहा हजारांतून एवढे होऊन बियाण्याला हातभार लागेल. पेटी अगदीच गेली असेल तर छोटा ॲम्प घ्या. दिरांचे मन मोडू नये, वायरी जोडण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा. कापूस घरात आल्यावरही त्यांना पट्टी हवीच असेल तर तेव्हा पाहता येईल.

राहता राहिले जे खरोखर मेले ते. पेटीतल्या हिरव्या पाट्या उकिरड्यावर टाकू नयेत. जुन्या पाट्यांच्या डागात शिसे असते आणि उकिरड्याचे खत शेवटी आपल्याच रानात जाते. तांब्यासाठी वायरी जाळू नयेत, तो धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार हा माल नोंदणी झालेल्या ठिकाणीच मोडला गेला पाहिजे. नवे यंत्र घेताना दुकानदार जुने घेतो का ते विचारावे, नगरपालिकेच्या गावी ई-कचरा गोळा करतात तिथे द्यावे.

मेलेल्या वूफरमधले लोहचुंबक मात्र मेकॅनिककडून काढून घ्या. ते जोरदार असते, मोबाइल आणि एटीएम कार्डापासून दूर ठेवावे. दोरी बांधून ते गोठ्यात टांगून ठेवा आणि गुरांना कडब्याची कुट्टी किंवा पेंड घालण्याआधी तिच्यातून एकदा फिरवा. कुट्टीत आलेला तारेचा तुकडा, पोत्यातून पडलेला खिळा त्याला चिकटून येतो. असा खिळा गाईच्या पोटात गेला तर हृदयापर्यंत पोचतो, आणि मग डॉक्टरांच्याही हातात फारसे राहत नाही.